विदेचे नियम कोणी ठरवायचे?

परभणी जिल्ह्यातील पोखर्णीच्या शिवारात सोयाबीन उभे आहे असे समजू. पूर्वी या पिकाची नोंद तलाठी सातबाऱ्यावर करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. शेतकऱ्याने शेतात जाऊन मोबाइलवर पीक नोंदवायचे आणि छायाचित्र काढायचे, अशी पद्धत आली. आता घरात मोबाइल सराईतपणे कोण हाताळते? बहुधा शाळा-कॉलेजात जाणारे मूल!

अशा नोंदींना विदा, म्हणजेच डेटा म्हणतात. एका शेताच्या नोंदीला बाहेर फारसे मोल नसते. पण लाखो नोंदी एकत्र आल्या, की कुठे किती कापूस, किती तूर हे कळते. मग सरकारला खरेदीचा अंदाज बांधता येतो, व्यापाऱ्याला भावाचा. हेच विदेचे अर्थकारण. म्हणून विदा कोणी, कशासाठी वापरावी याला नियम हवेत.

भारतात त्यासाठी २०२३ साली व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या नियमांचा मसुदा सरकारने ३ जानेवारी २०२५ रोजी जाहीर करून लोकांच्या सूचना मागवल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतिम नियम प्रसिद्ध झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत.

या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती ‘बालक’ आहे. बालकाची विदा वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घ्यावी लागते. हेतू चांगला आहे. पण ज्या घरात वडिलांचा मोबाइल मुलगीच चालवते, तिथे वडिलांच्या नावाने संमती कोण देईल? ही अडचण दिल्लीतल्या तज्ज्ञापेक्षा पोखर्णीतल्या दहावीच्या मुलीला आधी दिसेल. तिला मत नाही. पण मसुद्यावर सूचना पाठवायला मतदार असावे लागत नाही.

मुलांना विचारून धोरण आखता येते का? येते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये डिजिटल जगातील बालहक्कांविषयी मार्गदर्शक टिपण काढले. त्यासाठी २८ देशांतील ७०९ मुला-तरुणांशी चर्चा झाली होती. मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत ऐकावे, असे बालहक्क संहितेचे १२ वे कलम सांगते. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे.

शिक्षकांना वर्गात हा प्रयोग करता येईल. मुलांच्या वापरातले एक अ‍ॅप निवडा. ते कोणती माहिती मागते? त्यातली कामाला खरोखर लागते कोणती? संमती प्रत्यक्षात कोण देते? उत्तरांचा तक्ता फळ्यावर मांडा. मग नियमात कोणता बदल हवा, ते कारणासह पाच ओळींत लिहायला सांगा. ‘आम्हाला हे आवडत नाही’ एवढे पुरे नाही. निरीक्षण, अडचण आणि उपाय हा क्रम हवा. पुढचा मसुदा येईल तेव्हा सूचना पाठवण्याची मुदत थोडीच असेल. सवय आधीपासून असलेली बरी.