स्पार्क प्लगची साक्ष

कंदिलाची काच राखेने पुसण्याचे काम ज्या घरांत मुलांकडे असे, त्या मुलांना ज्वलनशास्त्राचा पहिला धडा कोणी न शिकवताच मिळत असे. वात बेताची असली तर काच रात्रभर स्वच्छ राही. हौसेने ती वर चढवली की उजेड वाढण्याऐवजी ज्योत तांबूस होई आणि घटकाभरात काचेवर काजळी धरे. तेल जास्त आणि हवा कमी, एवढाच त्या काजळीचा अर्थ. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीच्या पोटात असाच एक दिवा मिनिटाला हजारो वेळा पेटतो आणि विझतो. त्याची काजळी जिथे डोळ्यांनी पाहता येते अशी जागा एकच, ती म्हणजे स्पार्क प्लगचे तोंड.

प्लगची रचना साधी आहे. मध्ये धातूची काडी, तिच्याभोवती चिनीमातीसारखा दिसणारा पांढरा रोधक, बाहेर आटे पाडलेले पोलादी कवच आणि कवचाच्या कडेपासून काडीच्या टोकावर वाकवून आणलेली एक पट्टी. काडी आणि पट्टी यांच्यामधल्या फटीतून ठिणगी उडते. १९०२ साली जर्मनीत बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या एंजिनिअरने उच्च दाबाच्या मॅग्नेटोबरोबर या प्लगला व्यवहारोपयोगी रूप दिले. सव्वाशे वर्षांत त्याचे मूळ रूप फारसे पालटलेले नाही. हा प्लग स्फोटाच्या अगदी ऐन जागी बसलेला असतो आणि तरीही एका प्लगपान्याने बाहेर काढता येतो. त्यामुळे आत काय घडले याची साक्ष त्याच्याकडूनच घेण्याची प्रथा पडली.

आता मिश्रणाचा हिशेब. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरतेपणी जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. यापेक्षा हवा कमी आणि पेट्रोल जास्त असेल तर कारागीर त्या मिश्रणाला ‘रिच’ म्हणतात. हवा जास्त असेल तर ‘लीन’. साध्या एंजिनात मिश्रण थोडे इकडेतिकडे झाले तर गाडी कुरकुरते, पेट्रोल जास्त पिते, पण एरवी निभावून नेते. टर्बोच्या एंजिनाला असे निभावता येत नाही.

टर्बोचार्जरची कल्पना स्विस एंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याची. त्याचे पेटंट १९०५ सालचे. एंजिनाच्या धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्ण वायूंवर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून त्याच आकाराच्या एंजिनातून शक्ती जास्त. भारतीय रस्त्यांवर पेट्रोलच्या टर्बो गाड्या या शतकात आल्या, आणि त्यांपैकी पुष्कळ महाराष्ट्राच्या मातीत जुळवलेल्या. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, शेंद्र्याची ऑक्टाव्हिया आरएस २००४ साली आली. चाकणची पोलो जीटी २०१३ साली. रांजणगावची नेक्सॉन २०१७ साली. टर्बोचे यंत्र अशा रीतीने भाजी आणायला जाणाऱ्या गाडीत येऊन बसले.

दाबलेली हवा तापते, हे सायकलच्या पंपाचे बूड ज्याने चाचपले आहे त्याला सांगायला नको. या तापलेल्या, दाटलेल्या मिश्रणात ठिणगीची ज्योत पसरत असता, तिच्या पुढच्या कोपऱ्यातले न जळलेले मिश्रण कधीकधी वाट न पाहता एकदम भडकते. एंजिनातून खडे वाजल्यासारखा आवाज येतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. ज्योतीचे तापमान दोन हजार अंशांच्या वर असते आणि दट्ट्याचे ॲल्युमिनियम साडेसहाशेच्या आसपास वितळते. तरीही दट्ट्या टिकतो, कारण त्याच्या पाठीवर तुलनेने थंड वायूचा एक पातळ थर चिकटून असतो. नॉकिंगचे तडाखे हा थर खरवडून काढतात. मग दट्ट्याला भोक पडण्यास फार वेळ लागत नाही. म्हणून टर्बो पूर्ण जोरात असताना पेट्रोल मुद्दाम गरजेपेक्षा जास्त सोडतात. त्या जादा पेट्रोलाची वाफ होताना उष्णता शोषली जाते. ऐन जोरात मिश्रण लीन झाले, तर प्रश्न पेट्रोलच्या बिलाचा राहत नाही, एंजिनाचा होतो.

रायपूरसारख्या शहरात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. मे महिन्यात तिथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे एक दशांशाने विरळ असते. ती उणीव भरून काढण्यास टर्बोला जास्त फिरावे लागते, त्यामुळे हवा आणखी तापते, आणि ती निववणाऱ्या इंटरकूलरवर येणारा वाराच मुळी भट्टीचा असतो. समजा, अशा दुपारी कोणी कुटुंब रायपूरहून नागपूरला निघाले आहे. टाटीबंध मागे टाकून भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, भंडारा असा सुमारे २९० किलोमीटरांचा रस्ता. गाडीत चार माणसे, सामान, वातानुकूलन चालू. गाडीमालकाने हौसेने एंजिनाच्या संगणकाची आज्ञावली बदलून टर्बोचा दाब वाढवून घेतला आहे. गाडी पळते झकास. पण वाढवलेल्या दाबाला पुरेल इतके पेट्रोल प्रत्येक सिलिंडरला मिळते आहे की नाही, हे कोण सांगणार?

गॅरेजमधला जुना मिस्त्री प्लग काढतो, उजेडात धरतो आणि रंग पाहतो. त्याच्या शास्त्राचा नियम असा की, रंग कॉफीसारखा तर मिश्रण ठीक. काळाकुट्ट तर रिच. पांढराफटक तर लीन. हा नियम खोटा नव्हता. ज्या पिढीने दोन स्ट्रोकच्या स्कूटरी चालवल्या, प्लगपाना आणि पॉलिश पेपर डिकीत ठेवून पावसात रस्त्याकडेला प्लग घासले, तिने या नियमावर अर्धे आयुष्य काढले. पण तो कॉफीचा रंग आला कुठून, हे मात्र क्वचितच कोणी विचारले. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेत टॉमस मिजली याने नॉकिंग थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालण्याची युक्ती शोधली, आणि पुढे जवळजवळ सर्व जगाच्या पेट्रोलमध्ये शिसे आले. प्लगवरचा तो सुंदर तपकिरी लेप पुष्कळ अंशी शिशाच्या क्षारांचा होता. शिसे विषारी, भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. मुलांच्या रक्तातले विष कमी झाले हे फार चांगले झाले. मात्र मिस्त्रीच्या हातातले रंगाचे पुस्तक त्याच दिवशी फिके पडले.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीपासून विक्रीस येऊ लागले आणि २०२५ मध्ये देशभरच्या पुरवठ्याचे सरासरी प्रमाण विसाच्या पातळीला पोहोचले. इथेनॉलमध्ये प्राणवायू अंगचाच असतो. त्याच्या एका किलोला सुमारे ९ किलो हवा पुरते. हिशेब मांडला तर दहा टक्के मिश्रणाच्या पेट्रोलला १४.१ किलो हवा लागते, वीस टक्क्यांच्याला १३.५. म्हणजे दहा टक्क्यांच्या अंदाजाने बसवलेल्या एंजिनात वीस टक्क्यांचे पेट्रोल पडले आणि संगणकाने ते ओळखून सुधारणा केली नाही, तर मिश्रण चार टक्क्यांनी लीन होते. शिवाय इथेनॉल काजळी कमी धरते. तेव्हा आजचा प्लग पांढरा दिसतो तो खरोखर लीन मिश्रणामुळे की नुसत्या स्वच्छ जळण्यामुळे, हे दुरून पाहून कळत नाही. जुन्या नियमाने चालणारा मिस्त्री पांढरा प्लग पाहून पेट्रोल वाढवत जाईल आणि कॉफीचा रंग काही केल्या येणार नाही. जादा पेट्रोल मात्र सिलिंडरच्या भिंतीवरचे वंगण धुऊन काढील.

मग प्लग वाचायचा कसा? टोकाकडे कमी, खोलात जास्त पाहायचे. रोधकाच्या टोकाला ज्योत सतत चाटत असते, तिथला रंग क्षणोक्षणी बदलतो. पण रोधक जिथे कवचात खाली उतरतो, त्या अंधाऱ्या तळाशी, बारीक विजेरी आणि भिंग घेऊन पाहिले तर एक करडी कडी दिसते. पूर्ण जोराच्या वेळचे मिश्रण ही कडी सांगते. ती सबंध फिरलेली आणि फिकट असावी. जाड व काळी असेल तर रिच, तुटक किंवा अजिबात नसेल तर लीन. वाकवलेल्या पट्टीवर तापण्याने रंग पालटल्याची एक आडवी रेघ येते. ती वाकणाच्या आसपास असावी. खाली कवचाकडे सरकली असेल तर प्लग जास्त तापला, म्हणजे बहुधा ठिणगी फार लवकर उडते आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, रोधकाच्या पांढऱ्या अंगावर मिरपुडीसारखे काळे ठिपके आहेत का? ते नॉकिंगची पहिली खूण. त्या ठिपक्यांत चांदीसारखे चकाकणारे कण दिसले, तर ते दट्ट्याचे ॲल्युमिनियम आहे. अशा वेळी पुढचे वाचन थांबवून आधी टर्बोचा दाब उतरवावा. टर्बोच्या गाडीत रंगापेक्षा या ठिपक्यांचा शोध शतपटीने मोलाचा आहे, हे ठासून सांगितले पाहिजे.

साक्ष खरी हवी तर साक्षीदाराला पढवता कामा नये. गावातून रमतगमत आलेल्या गाडीचा प्लग गावातल्या चालीचेच वर्णन करतो. हलक्या चालीत आजचे एंजिन धुराड्यातल्या प्राणवायूच्या संवेदकावर नजर ठेवून मिश्रण आपोआप नेमके राखते. १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत प्रथम बसलेला हा संवेदक आता घरोघरी आहे. तेव्हा नवे प्लग घालायचे, पूर्ण जोर द्यायचा आणि त्याच क्षणी एंजिन बंद करून प्लग काढायचा, ही शर्यतवाल्यांची रीत. मात्र धावत्या गाडीचे एंजिन बंद केले की ब्रेक जड होतो, सुकाणू जड होते, किल्ली चुकीची फिरली तर सुकाणूला कुलूपही लागते. नागपूरच्या महामार्गावर हा प्रयोग म्हणजे जिवाशी खेळ. चाके रुळांवर फिरवून शक्ती मोजणारे डायनो यंत्र ज्या कार्यशाळेत असेल तिथेच तो करावा.

इथे कोणी म्हणेल, संवेदक आणि संगणक आकड्यात उत्तर देत असता या काजळीच्या ज्योतिषाची गरज काय? आकडा प्लग देत नाही, हे खरेच. पण संवेदक चारही सिलिंडरांच्या एकत्र आलेल्या धुराची सरासरी सांगतो. एका किलो पेट्रोलला ११.६ किलो हवा असे प्रमाण ठरवले आहे आणि संवेदक बरोबर ११.६ दाखवतो आहे, असे धरू. तीन सिलिंडरांत ११.० आणि कचऱ्याने इंजेक्टर अर्धवट तुंबलेल्या चौथ्यात १३.४ असले तरी सरासरी ११.६ च येते. पडद्यावर सर्व आलबेल, आणि चौथा दट्ट्या वितळण्याच्या वाटेवर. चार प्लग शेजारी शेजारी ठेवले तर तिघांच्या तळाशी करडी कडी आणि चौथ्याचा तळ कोरा, हा फरक भिंगाखाली दिसू शकतो. जुन्या मिस्त्रीचे डोळे आणि नव्या मुलाचा लॅपटॉप यांत भांडण लावण्यापेक्षा दोघांना एका बाकावर बसवणे शहाणपणाचे, ते याचसाठी.

तुलना करायची तर चारही प्लग एकाच जातीचे हवेत. रोधकाचे टोक ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान राहिले तर काजळी आपोआप जळून जाते आणि मिश्रण अवेळी पेटतही नाही. टर्बोसाठी उष्णता चटकन वाहून नेणारा, ‘थंड’ जातीचा प्लग घेतात आणि फटही बेताची, पुष्कळदा ०.७ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात; दाटलेल्या हवेतून ठिणगी ओढणे जड जाते म्हणून. गंमत अशी की एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, आणि बॉशच्या प्लगवर जितका मोठा तितका उष्ण. दुकानदाराने ‘एक नंबर वरचा’ म्हणून दिलेला प्लग नेमका उलटा असू शकतो, आणि मग त्याच्या रंगावरून काढलेले सगळे अनुमानही उलटे. ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटलीत लोहाचे संयुग असेल तर प्लगवर विटकरी पूट चढते. त्या रंगाचा मिश्रणाशी काही संबंध नाही.

पॉलिश पेपरची सवयही आता सोडावी लागेल. टर्बो गाड्यांच्या बहुतेक प्लगांना इरिडियमचे, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे टोक असते; घासले की साक्षही पुसते आणि टोकही जाते. प्लग एंजिन पुरते निवल्यावरच काढावेत, पुठ्ठ्याला चार भोके पाडून सिलिंडरच्या क्रमाने त्यांत उभे करावेत आणि प्रत्येकाखाली आकडा लिहावा. परत बसवताना पहिले काही आटे पाना न लावता नुसत्या बोटांनी फिरवावेत, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधला आटा एकदा वाकडा गेला की मूळचा आटा परत मिळत नाही.