डिस्चार्जचा कागद घरी आल्यावर

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. शेजारच्या वहिनी भिशीला आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीपाशी भेटल्या, तेव्हा हळूच म्हणाल्या, "अहो, ह्यांच्या गोळ्या बंद आहेत. देवघरामागे पाकिटं सापडली." भाऊजी मनोरुग्णालयातून घरी येऊन दोनच महिने झाले होते. तेव्हा वहिनींनी पेढेसुद्धा वाटले होते, मात्र 'कावीळ झाली होती' असं सांगून.

मैत्रिणींनो, ऑपरेशनचे टाके निघाले की आपण सुटलो म्हणतो. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराचं तसं नसतं. दवाखान्यातून घरी आलं तरी उपचार चालूच ठेवायचे असतात. आणि नेमकं बरं वाटू लागलं की गोळ्या सुटतात. 'ठणठणीत तर आहे, कशाला ते विष?' हे रुग्णापेक्षा घरातली वडीलधारी मंडळीच जास्त म्हणतात! गोळ्या थांबल्या तरी बरेचदा लगेच काही बिघडत नाही. कित्येक आठवडे, कधी महिनेही बरे जातात. म्हणून तर आपण फसतो.

वहिनींनी काय करावं? आमटीत गोळी चुरून घालायला लागल्या. भाऊजींच्या ते लक्षात आलं. 'माझ्या जेवणात काहीतरी घालतात' हा ज्यांचा आजारातला संशय, त्यांचा संशय बायकोनंच खरा करून दाखवला! चार दिवस त्यांनी घरचं अन्न तोंडात घेतलं नाही. वहिनींचा हेतू वाईट नव्हता, पण गोळी लपवून देण्यात हा धोका असतोच.

शेवटी त्यांनी सरळ विचारलं, "गोळी नको का वाटते?" तेव्हा कळलं. तोंड कोरडं पडतं, दुकानात गल्ल्यावर डुलकी लागते, वजन वाढून शर्ट बसेनात. यातलं डॉक्टरांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर त्यांनी गोळी बदलली, वेळ रात्रीची केली. रोजची गोळी नकोच असेल, तर काही औषधांची दोन ते चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनंही मिळतात. मात्र आपल्या मनानं डोस कमी करायचा नाही. लिथियम चालू असेल तर सांगितलेल्या वेळी रक्ततपासणीही चुकवायची नाही.

खरं तर हे सगळं डिस्चार्जच्या दिवशीच विचारून घ्यावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे रुग्णाला घरी सोडताना डॉक्टरांनी त्याच्याशी आणि सांभाळणाऱ्या घरच्यांशी पुढच्या उपचारांबद्दल बोलायचंच असतं. कोणती गोळी कशासाठी, पुढची तारीख कोणती, आजार उलटतोय हे कसं ओळखायचं? प्रत्येकाची खूण वेगळी. भाऊजींची आधी झोप उडते, मग पहाटे तीनला ते स्कूटर धुवायला काढतात! अडलं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. २०२२ साली सुरू झालेली ही सेवा फुकट आहे, रात्रीबेरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं.

आता पुढची तारीख भाऊजी स्वतःच दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवतात. वहिनी सोबत जातात, पण पहिली पाच मिनिटं डॉक्टरांशी ते एकटेच बोलतात. ही अट त्यांचीच.