रंगीत फरशी कुठे लावावी?

पूर्वी घराच्या कोपऱ्यात अंघोळीसाठी साधी मोरी असे. आता खेड्यांतही न्हाणीघराच्या भिंतींना चकचकीत फरश्या लावतात. दुकानात फिक्या, गडद आणि 'हायलायटर' अशा तीन प्रकारच्या फरश्या मांडलेल्या असतात. हायलायटर म्हणजे उठावाची, वेगळ्या रंगाची फरशी. ती थोडीच लावायची असते. तिचा रंग कसा निवडावा?

आधी जागा पाहावी. न्हाणीघर लहान असते आणि खिडकीही लहान असते. फिका रंग उजेड परत फेकतो. गडद रंग उजेड शोषून घेतो. म्हणून बराचसा भाग फिका ठेवावा. पाणी क्षारयुक्त असेल, तर गडद फरशीवर पांढरे डाग चटकन दिसतात, हेही ध्यानात ठेवावे.

उठाव कशाने येतो, हे वारली चित्रांवरून कळते. पालघर जिल्ह्यात वाणगाव, डहाणू, तलासरी या भागांत वारली लोक राहतात. ते गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. लग्नघरी स्त्रिया देवीचा चौक काढतात. डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. या चित्रांत रंग मुख्यतः दोनच, पण एक गडद आणि दुसरा फिका! म्हणून बारीक रेघही दुरून दिसते.

हाच नियम न्हाणीघरात फार उपयोगी पडतो. घरात आजी-आजोबा असतात. वय वाढले की डोळ्यांतील भिंग पिवळसर होते. मग निळा आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. गडद आणि फिका हा फरक मात्र पुष्कळसा कळतो. उंबरा व खालची जमीन एकाच रंगाची असेल, तर उंबरा दिसत नाही. पाय अडखळतो आणि हाड मोडू शकते. म्हणून रंगीत पट्टी पहिल्यांदा उंबऱ्याच्या कडेला लावावी, उरली तर भिंतीवर लावावी. जमिनीची फरशी खरखरीतच हवी. रंगाने घसरणे थांबत नाही.

फरशी घेण्यापूर्वी नमुना घरी आणावा. दोन्ही फरश्या शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. दोन्ही सारख्याच करड्या दिसल्या, तर ती जोडी उपयोगाची नाही. चार फरश्या जास्त घ्याव्यात, कारण पुढच्या खेपेला तीच छटा मिळेल असे नाही.

रंग डोळ्यांना सुखवतो. योग्य ठिकाणी लावला, तर तो माणसाला सांभाळतोही.

शब्दार्थ : उठाव – वेगळे, ठळक दिसणे, कृष्णधवल – काळे-पांढरे, खेप – वेळ, फेरी.

स्वाध्याय
१. लहान न्हाणीघरात फिका रंग का वापरावा?
२. वारली चित्रातील बारीक रेघ दुरून का दिसते?
३. तुमच्या घरातील उंबरा आजी-आजोबांना स्पष्ट दिसतो का? पाहा आणि पाच वाक्ये लिहा.