घुमाऱ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे श्रोते

‘केल्टिक संगीत’ या नावाखाली आज जे ऐकले जाते, त्यात आयर्लंडमधल्या मद्यगृहाच्या कोपऱ्यात गोल बसून वाजवलेल्या नृत्यधुना येतात, स्कॉटलंडच्या बेटांवरची गेलिक श्रमगीते येतात, फ्रान्सच्या ब्रिटानी प्रांतातली वीणेसारखी हार्प येते, लंडनमध्ये जन्मलेले केल्टिक पंक संगीत येते आणि ध्यानधारणेच्या वर्गात मंद आवाजात लावली जाणारी संथ गाणीही येतात. इतक्या वेगवेगळ्या गोष्टी एका नावात कोंबल्या गेल्या, याचे कारण ते नाव मुळात संगीताचे नव्हते. वेल्श अभ्यासक एडवर्ड लुइड याने १७०७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आयरिश, वेल्श, कॉर्निश, ब्रेटन या भाषांची तुलना करून त्यांचे परस्परनाते मांडले आणि त्या भाषाकुलासाठी ‘केल्टिक’ हे विशेषण पुढे रूढ झाले. भाषांना लागू पडणारे हे नाते संगीताला तसेच लागू पडत नाही. आयरिश रील, वेल्श समूहगान आणि ब्रेटन वर्तुळनृत्य यांना बांधणारे एकच स्वरसप्तक किंवा एकच लय दाखवता येत नाही. ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांना मात्र फळीवर लावायला एक पाटी हवी होती, आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत ती पाटी पक्की झाली. एकाच फळीपाशी वेगवेगळ्या गरजा घेऊन आलेली माणसे समोरासमोर आली आणि वादाला तोंड फुटले.

हा वाद सहसा अस्सल आणि नकली या शब्दांत मांडला जातो. परंतु प्रत्यक्ष ध्वनीकडे लक्ष दिले, तर श्रोत्यांना विभागणारी रेषा दुसरीकडेच सापडते आणि ती रेषा म्हणजे घुमारा. ध्वनी उमटून गेल्यानंतर भिंतींवरून परतून हवेत रेंगाळणारा त्याचा जो अवशेष असतो, तो घुमारा. दगडी चर्चमध्ये तो आपोआप मिळतो आणि स्टुडिओत तो यंत्राने हवा तितका वाढवता येतो. हा घुमारा किती असावा, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून एखादा श्रोता कशासाठी ऐकतो आहे, हे बऱ्याच अंशी ओळखता येते.

आयरिश नृत्यधुनांचे घर म्हणजे ‘सेशन’. त्यात फिडल (म्हणजे व्हायोलिनच, पण वाजवण्याची ढब निराळी), लाकडी बासरी, पत्र्याची टिन व्हिसल, ॲकॉर्डियन आणि डफासारखे बोरान घेऊन वादक एकमेकांकडे तोंड करून बसतात. श्रोत्यांकडे त्यांची पाठ असली तरी कोणाला वावगे वाटत नाही. रील ही चार मात्रांच्या अंगाची, तर जिग ही सहाच्या अंगाची धून. बहुतेक धुनांचे आठ-आठ मापांचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदा येतो, संपूर्ण धून बहुधा तीनदा वाजते आणि मग न थांबता पुढच्या धुनेत उडी घेतली जाते. सगळे एकच चाल वाजवतात. मग ऐकण्यासारखे उरते काय, असा प्रश्न नवख्या श्रोत्याला पडतो आणि तो रास्त आहे. उरते ती बोटांची कारागिरी. ‘रोल’ नावाचा अलंकार घेतला, तर त्यात वादक मूळ स्वर लावतो, वरच्या स्वराला निसटता स्पर्श करून मूळ स्वरावर परततो, खालच्या स्वराला तितकाच निसटता स्पर्श करतो आणि पुन्हा मूळ स्वरावर येतो. रीलच्या नेहमीच्या गतीत हा सगळा व्यवहार अर्ध्या सेकंदाच्या आत उरकतो. ते मधले दोन स्पर्श स्वर म्हणून ऐकू येणे अपेक्षितच नसते, ते टिचकीसारखे, लयीला धार देणारे असायला हवेत. रोल कुठे घ्यायचा, कुठे टाळायचा, दुसऱ्या आवर्तनात त्याच जागी साधा लांब स्वर ठेवून कानाला कसे चकवायचे, यावर वादकाची पारख होते. अशा टिचकीवर घुमाऱ्याचा थर चढवला की ती विरघळून जाते. म्हणून सेशनच्या श्रोत्याला कोरडा, जवळचा, लाकडाचा आणि श्वासाचा खरखरीतपणा टिकवणारा आवाज हवा असतो. त्याची तक्रार निव्वळ सोवळेपणाची नसते, त्याला जे ऐकायचे असते तेच पुसले गेलेले असते.

रेषेच्या पलीकडे उभे असलेले श्रोते बहुतांशी एका गाण्याच्या मागोमाग आले. आयर्लंडच्या वायव्येकडील डोनेगल परगण्यातल्या ग्वीडोर या आयरिशभाषक भागातल्या एका कुटुंबाने १९७० साली स्थापन केलेल्या ‘क्लॅनड’ या समूहाने १९८२ मध्ये ‘हॅरीज गेम’ या दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकगीत केले आणि ते ब्रिटनच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. गाणे आयरिश भाषेत, कडव्यांच्या मध्ये जुन्या लोकगीतांत येतात तशी निरर्थक अक्षरे, आणि आवाजांवर आवाजांचे थर चढवून उभा केलेला दूरवरचा, धुकट अवकाश. मालिका उत्तर आयर्लंडमधल्या रक्तपाताविषयी होती आणि गाण्याचा विषय सर्व गोष्टींच्या नश्वरतेचा होता; भाषा न कळणाऱ्या असंख्य श्रोत्यांना मात्र त्यात प्राचीन अरण्ये आणि गूढ शांती ऐकू आली. त्यांनी चुकीचे ऐकले असे म्हणणे सोपे आहे. पण शब्दांचा अर्थ काढून घेतल्यावर उरणारा स्वरांचा पोत हेही ऐकण्याचेच द्रव्य आहे, आणि तो पोत घुमाऱ्याशिवाय उभाच राहत नाही.

त्याच कुटुंबातली आणि त्याच समूहातून १९८२ मध्ये बाहेर पडलेली एन्या ही गायिका या वाटेने सर्वांत दूरवर गेली. निर्माता निकी रायन आणि गीतकार रोमा रायन यांच्या साथीने तिने एकटीच्या आवाजाचे थरावर थर ध्वनिमुद्रित करून जणू एका व्यक्तीचा वृंद तयार केला. १९८८ च्या ‘वॉटरमार्क’ या संग्रहातले ‘ओरिनोको फ्लो’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर तीन आठवडे राहिले. एन्याने स्वतःच्या संगीताचा दौरा कधीच केलेला नाही, आणि त्यामागे जी काही कारणे असतील ती असोत, या संगीताचा स्वभाव त्यातून नेमका दिसतो. सेशन हा वादकांचा परस्परसंवाद असतो आणि ऐकणारा त्याच्या कडेला बसतो. एन्याच्या संगीतात दुसरा वादक सहसा नसतोच, त्यामुळे तिथे एकटा श्रोता थेट मध्यभागी जाऊन बसतो. दिवसभराच्या श्रमानंतर असा आसरा शोधणाऱ्याची अभिरुची हलकी ठरवण्याचा अधिकार कोणाला नाही. मात्र ‘वॉटरमार्क’ ऐकून आयरिश लोकसंगीत कळले, असे मानणाऱ्याची फसगत होते हेही तितकेच खरे.

अस्सलपणाचा मुद्दा इथे फारच गुंतागुंतीचा होतो. ज्या ध्वनीला सर्वाधिक बनावट म्हटले जाते, तो ज्यांनी घडवला त्या मंडळींची घरची बोली आयरिश आहे. उलट ज्या सेशनला परंपरेचा गाभा मानले जाते, ती मद्यगृहातली बैठक आजच्या रूपात दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये पोटासाठी गेलेल्या आयरिश मजुरांमध्ये रुजली. सेशनमधले वादक ज्या संग्रहाकडे आजही वळतात, तो १८५० धुनांचा ग्रंथ फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध केला, आणि ते त्या वेळी शिकागोचे पोलीसप्रमुख होते. आज आयरिश साथसंगतीचे ओळखचिन्ह बनलेले बुझुकी हे तंतुवाद्य ग्रीसचे असून आयर्लंडमध्ये ते १९६० च्या दशकात आले. समूहवादनाला नवे रूप देणाऱ्या शॉन ओ रियाडा यांनी १९६२ च्या रेडिओ व्याख्यानमालेत त्या काळच्या नृत्यवाद्यवृंदांवर कठोर टीका केली, आणि ते स्वतः मात्र लोकधुनांच्या साथीला हार्प्सिकॉर्ड हे युरोपीय दरबारी वाद्य घेऊन बसत. प्रत्येक पिढीचा सोवळा श्रोता आधीच्या पिढीच्या बंडखोरीलाच परंपरा म्हणत आला आहे.

तिसरा मोठा वर्ग पायांनी ऐकणाऱ्यांचा. ३० एप्रिल १९९४ रोजी डब्लिनमध्ये भरलेल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या मध्यंतरात बिल व्हेलन यांच्या संगीतावर सात मिनिटांचे ‘रिव्हरडान्स’ सादर झाले आणि हात बाजूला ताठ ठेवून नाचण्याची स्पर्धांमधली शिस्तबद्ध आयरिश पद्धत जगभर पोहोचली. व्हेलन यांनी त्याआधी गायक-वादक अँडी अर्व्हाइन यांच्याबरोबर बाल्कन प्रदेशातल्या विषम तालांवर काम केले होते आणि तिथली लयीची ओढाताण या रचनेतही जाणवते. सेशनच्या श्रोत्याला त्यात भपका खटकतो. नर्तकाला मात्र बुटांची टाप हेच मुख्य वाद्य असल्याने तो भपका खटकत नाही. ब्रिटानीत हीच गोष्ट अधिक आत्मीयतेने घडली. ब्रेटन वादक आलाँ स्तिवेल यांच्या वडिलांनी लुप्त झालेली ब्रेटन हार्प १९५३ मध्ये पुन्हा बांधली आणि त्या हार्पबरोबर विद्युत गिटार व ड्रम घेऊन स्तिवेल यांनी फेब्रुवारी १९७२ मध्ये पॅरिसच्या ओलिंपिया सभागृहात कार्यक्रम केला. त्यानंतर ‘फेस्ट-नोझ’ म्हणजे रात्रीच्या नाचाच्या मेळाव्यांना तरुण गर्दी करू लागले. दोन गायकांनी एकमेकांच्या ओळीचे शेवटचे शब्द उचलून धरत सलग गायची तिथली पद्धत सभागृहात शांत बसून ऐकली तर कंटाळवाणी वाटू शकते, पण करंगळीत करंगळी अडकवून फेर धरलेल्या माणसाला ती थांबू नये असे वाटते.

लंडनमध्ये १९८२ साली सुरू झालेल्या ‘द पोग्ज’ या समूहाने आयरिश धुना पंकच्या वेगाने आणि मुद्दाम राकटपणे वाजवल्या; परदेशात राबणाऱ्या आयरिश माणसाचा राग आणि एकटेपणा त्यात होता. अनेक परंपरावादी दुखावले, तरी १९८७ मध्ये ‘द डब्लिनर्स’ या जुन्या, मान्यवर समूहाने त्यांच्याबरोबर गाणे ध्वनिमुद्रित केले.

कॅनडाच्या गायिका लोरीना मॅकेनिट यांचा श्रोता यांपैकी कशातच बसत नाही, कारण तो मुख्यतः वाचक असतो. १९८५ पासून स्वतःच्या ध्वनिमुद्रण संस्थेमार्फत संगीत प्रसिद्ध करणाऱ्या मॅकेनिट यांनी इंग्रज कवी टेनिसनची ‘द लेडी ऑफ शॅलॉट’ ही दीर्घ कविता गायली आणि केल्ट लोकांच्या इतिहासातल्या भटकंतीचा माग काढत स्पेन, मोरोक्को, तुर्कस्तान इथल्या वाद्यांना आपल्या संगीतात जागा दिली. अकरा मिनिटांच्या गाण्यात कडव्यामागून कडवे त्याच चालीवर येत राहते आणि कथा पुढे सरकते. जो कथेत गुंतला त्याला लांबी जाणवत नाही, जो बोटांची कारागिरी शोधतो त्याला हाती फारसे काही लागत नाही.

चित्रपटांनी आणखी एक श्रोता घडवला, ज्याला वाद्याच्या देशापेक्षा त्यातली आर्तता महत्त्वाची वाटते. १९९५ च्या ‘ब्रेव्हहार्ट’मध्ये स्कॉटिश वीराची कथा आहे, पडद्यावर स्कॉटिश पाइप दिसतात, पण जेम्स हॉर्नर यांच्या पार्श्वसंगीतात आयरिश इलिन पाइप वाजतात. भारतीय लष्करी पथकांच्या संचलनात वाजतात ते स्कॉटिश पाइप: फुंकून भरलेली पिशवी, जेमतेम नऊ स्वर आणि मैदान व्यापणारा आवाज. इलिन पाइपला काखेखालच्या भात्याने हवा पुरवतात, त्याचा आवाका दोन सप्तकांचा असतो आणि स्वर हळू दाबत नेऊन कण्हण्यासारखा वळवता येतो. खोलीत बसून वाजवायचे हे वाद्य. शोकाच्या प्रसंगासाठी संगीतकाराने ते निवडले यात नवल नाही. स्कॉटलंडच्या परंपरेत वाढलेल्या जाणकाराला ती अदलाबदल खुपते, आणि तिथे त्याची बाजू खरी आहे, कारण एका प्रदेशाचा आवाज दुसऱ्याच्या तोंडी घातला गेला आहे.

या सगळ्या वर्गांना एकाच वेळी अस्वस्थ करणारी ध्वनिमुद्रिका म्हणजे मार्टिन बेनेट यांची २००३ मधील ‘ग्रिट’. कर्करोगाने ग्रासलेल्या आणि वाद्ये वाजवणे अशक्य झालेल्या या पाइपवादकाने स्कॉटलंडमधल्या भटक्या समाजातल्या गायक-गायिकांची जुनी, साथीविना केलेली ध्वनिमुद्रणे घेतली आणि त्यांच्याखाली नृत्यगृहातल्या यांत्रिक तालांचा प्रचंड मारा रचला. ताल कितीही दणदणीत असला, तरी त्या वृद्ध गळ्यांचा खरखरीतपणा, शब्दांची बोलीतली फेक आणि स्वराला दिलेला हेलकावा बेनेट यांनी गुळगुळीत केला नाही. खरे तर तेच समोर आणले. संथ शांतीच्या शोधातला श्रोता त्यापासून दूर पळतो, सोवळ्या श्रोत्याला यंत्र सहन होत नाही. बेनेट २००५ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी गेले आणि त्यानंतर या ध्वनिमुद्रिकेचे मोल वाढतच गेले.

घुमाऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या श्रोत्यांना एका खोलीत बसवण्याचे काम आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातले फिडलवादक मार्टिन हेझ आणि शिकागोचे गिटारवादक डेनिस केहिल यांनी केले. ज्या धुना इतरत्र धावत्या गतीने वाजतात, त्या हेझ इतक्या संथ वाजवत की रोलमधला प्रत्येक निसटता स्पर्श सुटा ऐकू येई, आणि दोन स्वरांमधली मोकळी जागा यंत्राच्या मदतीवाचून घुमाऱ्याचे काम करी. केहिल बहुतेक वेळ फारच थोडे वाजवत, एखादा सूर ठेवून थांबत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सिएटलमधल्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात जवळजवळ अर्धा तास चालणारी एक सलग गुंफण आहे. तिची सुरुवात कुजबुजीइतक्या हलक्या आवाजात होते, एका धुनेतून दुसरी निघत जाते, गती कळेल न कळेल अशी चढत राहते, आणि शेवटच्या रीलपर्यंत पोहोचताना इतका वेळ श्वास रोखून बसलेले सभागृह ओरडू लागते.