मिरगाचं वाहन

कोकणातला कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतो आणि पावसाळी वादळांचा जोर ओसरला असं मानून होडी लोटतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, बीड जिल्ह्यातला शेतकरीही त्याच पंचांगाची पानं उलटतो. त्याला हवी असतात पावसाची नक्षत्रं.

पाडव्याला इथल्या एका गावात मारुतीच्या पारावर पंचांगवाचन ऐकायला बसलो होतो. संवत्सरफल होईपर्यंत लोक चुळबुळत होते. शेवटी एकानं विचारलंच, "बुवा, मिरगाचं वाहन काय?"

वाहन काढायची रीत बुवांनी बोटांच्या पेरांवर दाखवली. सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कुठे आहे ते पाहायचं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि आकड्याला 9 नं भागायचं. उरलेल्या बाकीवरून वाहनाचा प्राणी ठरतो. सूर्य मृगात, चंद्र पूर्वा फाल्गुनीत असेल तर मृग धरून मोजणी येते 7, म्हणजे म्हैस. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर. कोल्हा, मेंढा आले की ओढ.

हिशोब सुबक आहे, पण नक्षत्रं 27 आणि वाहनं 9, म्हणून प्रत्येक वाहनाच्या वाट्याला चंद्राची तीनच घरं येतात. वारा, ढग, समुद्राचं तापमान यांना या भागाकारात जागाच नाही. रत्नागिरीला आणि बीडमधल्या पाटोद्याला वाहन एकच, पाऊस मात्र कितीतरी वेगळा. 1972 च्या दुष्काळातही हा भागाकार असाच झाला असणार.

नक्षत्रांच्या तारखांचं तसं नाही. त्या सूर्यावर बांधलेल्या. मृग दरवर्षी 7-8 जूनलाच निघतो. त्या चौकटीत पिढ्यांचा अनुभव साठला आहे. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. उत्तरा-हस्ताच्या पावसावर रब्बी ज्वारीची ओल ठरते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातला हा पाऊस बऱ्याचदा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे येतो.

म्हणून पारावर वाहन जरूर ऐकावं, पण तिफण त्यावर जुंपू नये. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरली आणि वापसा आला, तरच पेरावं. दुबार पेरणीचं बियाणं कुठलंच वाहन आणून देत नाही.