घरातल्या आजारातून उभ्या राहिलेल्या संस्था

• ल्युकेमियाने, म्हणजे रक्तपेशी जिथे तयार होतात त्या अस्थिमज्जेच्या कर्करोगाने, मेहरबाई टाटा यांचे १९३१मध्ये वेल्समध्ये निधन झाले. त्यानंतर पती सर दोराबजी टाटा यांनी १९३२मध्ये, स्वतःच्या मृत्यूच्या थोडेच आधी, या आजारावरील संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. दोराबजींच्या नावाच्या न्यासाने परळला उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे.

• स्वादुपिंडाच्या कर्करोगावर न्यूयॉर्कमध्ये उपचार घेतलेल्या अभिनेत्री नर्गिस दत्त यांचे ३ मे १९८१ रोजी निधन झाल्यावर पती सुनील दत्त यांनी त्यांच्या स्मरणार्थ प्रतिष्ठान स्थापन केले. बार्शीचे कर्करोग रुग्णालयही नर्गिस यांच्याच नावाचे आहे.

• मुंबईतील ‘व्ही केअर’ ही संस्था कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४मध्ये सुरू केली. शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकांनाही आधार लागतो, हे अशा संस्थांनी आवर्जून ओळखले.

• अशा संस्थांच्या जोडीला शासकीय रुग्णालयेही आहेत: छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे.