रोजच्या भाकरीएवढी श्रद्धा

सप्टेंबर महिन्यात वांद्र्याच्या टेकडीवर मोत माउलीची जत्रा भरते. मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची तान्ही बाळे आणि अलीकडे मेणाची घरेसुद्धा तेथे विकत मिळतात. ज्याला जे हवे असेल त्याची प्रतिमा त्याने माउलीच्या चरणी वाहावी, अशी प्रथा आहे. माहीमच्या चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनासाठी लोटणारी गर्दीही अशीच काही ना काही मागण्यासाठी आलेली असते आणि तीत ख्रिस्तेतरांची संख्या मोठी असते. या गर्दीकडे पाहून नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही. माणसाच्या हातचे सारे उपाय संपतात तेव्हा तो कोणाकडे तरी हात पसरणारच. परंतु ख्रिस्ती श्रद्धेचे जे चित्र आपल्या मनावर ठसते, ते बव्हंशी या बुधवारचे असते. बुधवारी मागितलेले गुरुवारी मिळत नाही, पुढच्या गुरुवारीही मिळत नाही, आणि तरीही माणूस चूल पेटवतो, कामावर जातो, आजाऱ्याची कूस बदलतो. त्या गुरुवारच्या श्रद्धेविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

वास्तविक नव्या करारात या गुणाला फार वरचे स्थान आहे. पौलाच्या पत्रांत त्यासाठी ‘हुपोमोने’ हा ग्रीक शब्द येतो. मराठीत त्याचे भाषांतर ‘धीर’ किंवा ‘सहनशीलता’ असे होते. परंतु मूळ शब्दाचा धात्वर्थ ओझ्याखाली टिकून राहणे, असा आहे. ओझे उतरले असे त्यात गृहीत नाही. येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थनाही या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तीत भाकर मागितली जाते ती आजच्या दिवसाची. वर्षभराच्या बेगमीची नव्हे. या मागण्यात एक विलक्षण व्यवहारज्ञान आहे. संबंध आयुष्याचे दुःख एकदम उचलू गेले तर कोणाचीही कंबर मोडेल. एका दिवसाचे मात्र बहुतेकांना उचलता येते.

हे कसे घडते याचा मराठीतील सर्वांत प्रामाणिक पुरावा कोणत्याही धर्मशास्त्राच्या ग्रंथात नाही. तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आपण आत्मचरित्राचा आदर्श म्हणून वाचतो, त्यातील घरगुती भाषेचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण ते एका श्रद्धेच्या घडणीचा वृत्तान्तही आहे, हे आपण सोयीस्करपणे बाजूला ठेवतो. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचे सोवळे इतके पराकोटीचे, की घरात आलेले मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. अशा घरातून त्या नारायण वामन टिळकांच्या घरात आल्या. टिळक कवी होते, विद्वान होते आणि लहरी होते. आज येथे तर उद्या तेथे. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे, कारण समोरच्याची नड दिसली की तो त्याच्या हाती जाई. कवीच्या औदार्याची बिले त्याच्या बायकोला भागवावी लागतात, हे वाङ्मयाच्या इतिहासात सहसा नमूद होत नाही. लक्ष्मीबाईंनी ते नमूद केले, आणि हसत हसत केले.

1895 च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्या काळात हे वैधव्याहून वाईट होते. विधवेला निदान समाजाने नेमून दिलेली जागा असे. नवरा जिवंत असून परका झालेल्या स्त्रीला तीही नव्हती. पुढची पाच वर्षे त्यांनी कशी काढली ते मुळातूनच वाचावे. येथे एवढेच सांगायचे, की त्यांचे मन एका झटक्यात पालटले नाही. त्या पतीजवळ राहावयास आल्या तेव्हाही आरंभी त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नव्हते. ते गळून पडले ते हळूहळू, आणि कोणाच्या प्रवचनाने नव्हे, तर स्वतःच्या विचाराने. देवाने माणसे निर्माण केली असतील तर त्यांच्यातील हे उंचनीच कोणी निर्माण केले, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि त्याचे उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या. बाप्तिस्मा आला तो त्यानंतर, 1900 साली.

त्यानंतर तरी सुख आले काय? मुळीच नाही. दारिद्र्य होते तसेच राहिले, माणसांची वर्दळ मात्र वाढली. अनाथ मुले, आश्रित, विद्यार्थी आणि अधूनमधून बालकवी ठोमऱ्यांसारखा एखादा हळवा कवी या सर्वांना पोटाशी धरणे हेच त्यांच्या धर्माचे आचरण होऊन बसले. ज्या हातांना एके काळी दुसऱ्याच्या स्पर्शाचे भय वाटे, ते हात प्लेगच्या दिवसांत रोग्यांच्या सेवेला लागले. श्रद्धेने माणसाला काय दिले, याचे मोजमाप मी तरी याच मापाने करीन.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण अगदी निराळ्या जातीचे आहे. लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचे क्षेत्र स्वयंपाकघर. रमाबाईंची श्रद्धा वादविवादातून तावूनसुलाखून निघालेली. 1874 च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. हाताशी तान्ही मुलगी, वय चोविशीच्या आतबाहेर. 1883 साली त्यांनी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि लागलीच ज्यांनी तो दिला त्यांच्याशीच वाद आरंभला. त्रैक्याचा सिद्धान्त मला का पटत नाही, बिशपांची आज्ञा मी का मानावी, गळ्यातल्या क्रुसावर माझ्या देशबांधवांना न कळणारी लॅटिन अक्षरे कशासाठी, हे सारे त्यांच्या पत्रव्यवहारात आहे. तो 1977 मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या खंडात ग्रथित झाला असून, ख्रिस्ती झालेली स्त्री म्हणजे मिशनऱ्यांच्या हातातील बाहुले, असे मानणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा.

याहूनही महत्त्वाची गोष्ट त्यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत सांगितली आहे. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता, अशा आशयाची ती कबुली आहे. बुद्धीला पटलेला धर्म आणि जीवाला आधार देणारा धर्म यांच्यात अंतर असते आणि ते तोडायला त्यांच्यासारख्या विदुषीलाही आठ वर्षे लागली. त्याच सुमारास लोकनिंदेचा डोंगर कोसळायचा होता. 1893 मध्ये शारदासदनात मुलींना बाटविले जाते असा गिल्ला झाला, रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, पालक मुली काढून नेऊ लागले. संस्था बुडाली असे सर्वांनी मानले. अशा वेळी रमाबाई केडगावला जमीन घेऊन विहिरी खणावयास लागल्या! 1896-97 चा दुष्काळ आला तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, कारण दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. 1900 नंतर ‘मुक्ती’तील स्त्रिया-मुलींची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. त्यांच्यासाठी शेती, माग, तेलाची घाणी, छापखाना हे सारे उभे राहिले. येथे प्रार्थना आणि विहीर यांत विरोध नव्हता.

येथे एक आक्षेप घ्यावासा वाटेल आणि तो घेतलाच पाहिजे. धीर धरा, सोसा, देव पाहतो आहे, हा उपदेश दुबळ्याला दुबळाच ठेवण्यासाठी वापरला गेलेला नाही काय? गेलेला आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला क्रुसाकडे बोट दाखवून परत पाठविणारे उपदेशक ख्रिस्ती समाजातही झाले आहेत, जसे ते इतर सर्व समाजांत झाले. मात्र स्वतः ओझे उचलणे आणि दुसऱ्याला ओझे उचलण्याचा सल्ला देणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला तितिक्षा म्हणतात. दुसरीला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे. रमाबाईंनी आपल्या आश्रयाला आलेल्या एकाही विधवेला, तुझे दुःख देवाने दिले आहे, ते गोड मानून घे आणि सासरी जा, असे सांगितले नाही. त्यांनी तिला अक्षरे शिकविली आणि हाताला काम दिले.

हा प्रश्न केवळ चरित्रग्रंथांतला नाही. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 पासून सुरू झाले आणि पुढे खेड्यापाड्यांतून जे ख्रिस्ती झाले त्यांतील बहुसंख्य महार-मांग समाजातील होते. धर्म बदलला, पण गावाने त्यांची वस्ती बदलली नाही, पाणवठा लवकर मोकळा केला नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. पुढे 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान मात्र बाहेर राहिले. धर्म आणि अनुसूचित जातीचा दर्जा यांची ही सांगड तोडावी, अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 च्या अहवालात केली. तिच्या कायदेशीर बाजूंबद्दल मतभेद असू शकतात. परंतु ज्या बापाला मुलाच्या शाळेच्या अर्जावर धर्माच्या रकान्यात एक शब्द लिहिताना शिष्यवृत्ती हातची जाताना दिसते आणि तरीही जो तोच शब्द लिहितो, त्याच्याविषयी ‘आमिषाने बाटलेला’ असे उद्गार काढताना आपली जीभ थोडी अडखळावयास हवी. त्याला आमिष उलट दिशेला आहे. श्रद्धेवर अशी किंमत लावण्याचा उद्योग सरकारने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा माणसाला बळ कोठून मिळते? चमत्कारातून नव्हे, हे उघड आहे. मला वाटते, ते सवयीतून मिळते. निजण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून केलेली चार वाक्यांची प्रार्थना, आठवड्यातून एक दिवस कामाला दिलेली सुट्टी, ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, आजाऱ्याच्या घरी मंडळीतील कोणीतरी जाणे, या गोष्टी बाहेरून पाहणाऱ्याला निव्वळ उपचार वाटतात. पण मन जेव्हा स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाही, तेव्हा हे उपचारच त्याला काठीसारखे उपयोगी पडतात. आणि महाराष्ट्रात त्यांना टाळ-मृदंगाची जोड मिळाली, हे टिळकांचे केवढे ऋण! इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसविलेली गीते म्हणणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग दिला, ओवी दिली, कीर्तन दिले. आपल्या मायबोलीत रडता आले म्हणजे दुःख अर्धे हलके होते.

टिळक 9 मे 1919 रोजी वारले. ख्रिस्ताचे चरित्र मराठी काव्यात सांगण्याचा त्यांचा संकल्प जेमतेम आरंभीचे अध्याय होऊन अपुरा राहिला होता. लक्ष्मीबाईंना शाळा ठाऊक नव्हती, जोडाक्षरांशी त्यांचे वैर होते आणि आता घर सांभाळून पोटाची व्यवस्था पाहणे त्यांच्याकडे आले होते. अशा स्थितीत त्या नवऱ्याचे अपुरे काव्य पुढे ठेवून लिहिण्यास बसल्या. एकेक करून त्यांनी चौसष्ट अध्याय रचले. 1936 च्या फेब्रुवारीत त्या गेल्या, आणि ‘ख्रिस्तायन’ छापून बाहेर पडले ते 1938 मध्ये.